कात्री घरातली

जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ या कादंबरीतला विन्स्टन स्मिथ सरकारी कचेरीत बसून जुनी वर्तमानपत्रे बदलतो. पक्षाच्या मनातून उतरलेला माणूस छापील कागदावरूनही उतरवायचा! १९४९ सालची ही कादंबरी प्रथम वाचली तेव्हा मला ती अतिशयोक्ती वाटली. आता वाटते, ऑर्वेल कमीच पडला.

स्टालिनच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया (त्याच्यासाठी रडावे असा तो नव्हेच) १९५३ साली गोळी घालून मारला गेला. ‘महान सोव्हिएट विश्वकोशा’च्या पाचव्या खंडात त्याचा गौरव छापून गेलेला. मग वर्गणीदारांना टपालाने बेरिंग समुद्राची पाने आली. सोबत सूचना: बेरियाची पाने कात्रीने किंवा पात्याने कापावीत, शिवणीशी थोडी कड राखावी, तिला नवी पाने चिकटवावीत.

ती कड मला छळते. विन्स्टन खोटेपणा निदान कचेरीत ठेवून घरी येतो. चोरून का होईना, रोजनिशीत खरे लिहितो. इथे कचेरीच घरी आली. दिव्याखाली बाप पुस्तक कापणार, पोरे खळीची वाटी धरून बसणार. आणि नाही कापले तर? झोपेत बरळणाऱ्या पार्सन्सला पकडून देणारी त्याची मुलगी ऑर्वेलने सात वर्षांची रंगवली आहे.