निवेदन कोणाचे, संवाद कोणाचा?

दलित साहित्याच्या भाषेविषयी मराठी समीक्षेने आजवर दोन प्रकारचे अभिप्राय दिले. आरंभी ही भाषा शिवराळ, असंस्कृत, अश्लील ठरली. पुढे पुरस्कार मिळू लागले, अभ्यासक्रमांत पुस्तके लागली, तेव्हा तीच भाषा रसरशीत, अस्सल, मातीचा गंध असलेली झाली. ही निंदा आणि ही स्तुती परस्परविरोधी आहेत असे मला वाटत नाही. दोन्हींमागचा न्यायाधीश एकच आहे. तो आपल्या जागेवरून उठलेला नाही. फक्त त्याची रुची बदलली आहे. भाषा ही त्याच्या लेखी चवीची वस्तू आहे. ती बोलणाऱ्या माणसाला जगाविषयी काही निवाडा करायचा आहे, हे त्याने मान्य केलेले नाही.

म्हणून एखाद्या कृतीत बोली किती आहे हे मोजत बसण्यापेक्षा मला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. त्या कृतीत निवेदन कोणाच्या भाषेत आहे आणि संवाद कोणाच्या? संवादात माणूस बोलतो, निवेदनात तो जगाचा अर्थ लावतो. बोलण्याची मुभा देणे सोपे असते. अर्थ लावण्याचा अधिकार सहसा कोणी सोडत नाही.

हा प्रश्न मी खोपोलीत बसून विचारतो आहे, त्याला कारण आहे. बोरघाटाच्या पायथ्याचे हे गाव. कर्जतहून निघालेला रेल्वेचा फाटा येथे संपतो. टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली येथे सुरू झाले, नंतर कारखाने आले, त्यांच्याबरोबर देशभरचे कामगार आले. कारखान्याच्या फाटकाशी आणि बाजारात हिंदी चालते, कचेरीत छापील मराठी. भोवतालच्या खेड्यांत आगरी आहेत, बौद्धवाड्या आहेत; डोंगराच्या उतारावर ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. येथला मुलगा घरी ‘पानी’ म्हणतो, ‘डोला’ म्हणतो. वर्गात आल्यावर त्याचे ‘पाणी’ आणि ‘डोळा’ करून दिले जाते. ते करताना नुसती दुरुस्ती होत नाही; वर्ग हसतो. ‘ण’ आणि ‘न’ यांतले अंतर जिभेचे आहे. त्याचे जातीचे अंतर व्यवस्थेने केले. मुलगा त्या दिवशी एक वर्ण शिकतो आणि आपली आई अशुद्ध बोलते हेही शिकतो. पहिले शिकणे आवश्यक आहे. दुसरे शिकणे खोटे आहे, आणि तेच जन्मभर टिकते.

ही शुद्धता आकाशातून पडलेली नाही. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. मुद्रण, शाळा आणि सरकारी नोकरी यांच्या गरजेतून ज्या मराठीला प्रमाण म्हटले गेले ती मुख्यतः लिहित्या जातींची मराठी होती. कोणत्याही समाजाला व्यवहारासाठी एक सामाईक भाषा लागते, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती सोयीचे रूपांतर प्रतिष्ठेत झाले याबद्दल. महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) लिहून वर्णव्यवस्थेचा इतिहास उलटा वाचला, आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त त्यांच्या व्याकरणाच्या चुका काढल्या. आशयाला उत्तर देणे अडचणीचे झाले की शुद्धलेखन पुढे येते. ही रीत तेव्हापासूनची आहे. फुल्यांनी १८८५ मध्ये ग्रंथकार सभेचे निमंत्रण नाकारले ते याच जाणिवेने. जे माणसाचे हक्क देत नाहीत त्यांच्या ग्रंथांशी आमच्या ग्रंथांचा मेळ बसणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता. मराठीतला साहित्यिक नकार तेथून सुरू होतो.

आता निवेदन-संवादाची कसोटी लावून पाहू. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ही श्रेष्ठ कादंबरी आहे, हे मी मानतो. तिच्यात धनगर त्यांच्या बोलीत बोलतात. परंतु त्यांना पाहणारा, समजून घेणारा तरुण मास्तर प्रमाण मराठीत सांगतो. श्री. ना. पेंडशांच्या कोकणातही असेच आहे. माणसे मातीची, निवेदन पुस्तकी. यात लेखकांचा दुष्टावा नाही. वाचक कोण, हे त्यांच्या डोळ्यांसमोर ठरलेले होते. त्या वाचकाच्या बाजूला उभे राहून ते दाखवत होते. आनंद यादवांनी ‘गोतावळा’ (१९७१) मध्ये सालगड्याच्या तोंडी निवेदनच दिले तेव्हा ही चौकट मोडली. त्या प्रयोगाचे मोल आपणही मान्य केले पाहिजे.

दलित लेखकांनी ही चौकट निराळ्या तऱ्हेने मोडली. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पत्र काढले त्याचे नावच ‘मूकनायक’ होते. ज्यांना भाषा असून वाचा नव्हती त्यांचे ते पत्र. पण त्याची मराठी घट्ट, युक्तिवादाची, प्रतिपक्षाला त्याच्याच मैदानात गाठणारी होती. बाबुराव बागुलांनी तोच मार्ग कथेत आणला. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) मधील नायक जात लपवून रेल्वेत नोकरी करतो आणि जात कळताच मार खातो. या कथेचे निवेदन प्रमाण, किंबहुना भारदस्त मराठीत आहे. काहींना ही विसंगती वाटते. मला हा कब्जा वाटतो. ज्या भाषेने निवाडे दिले त्याच भाषेत बागूल उलट निवाडा देतात.

नामदेव ढसाळांनी दुसरे टोक गाठले. ‘गोलपिठा’ (१९७२) मधील शब्द कामाठीपुऱ्याच्या गल्ल्यांतले. प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांना त्यांतले अनेक शब्द अडले, ते त्यांनी ढसाळांना विचारले आणि ती वस्ती त्यांच्यासोबत पाहिली. मराठी साहित्याच्या इतिहासात ही घटना लहान नाही. शतकभर खालचा माणूस वरच्याला शब्दाचा अर्थ विचारत आला. येथे विचारणारा वरच्या भाषेतला होता आणि सांगणारा खालच्या. भाषेतली सत्ता कोणाकडे आहे हे ओळखायचे असेल तर एवढेच पाहावे की अर्थ कोणाला विचारावा लागतो.

तरीही भाषा मिळवली की सर्व मिळते, असा भ्रम नको. कुमुद पावडे यांनी ‘अंतःस्फोट’ (१९८१) मध्ये आपल्या संस्कृत अध्ययनाची हकिगत सांगितली आहे. ज्या भाषेचा उच्चारही निषिद्ध होता तिच्यात त्यांनी प्रावीण्य मिळवले, आणि तरी दार उघडले ते विवाहानंतर आडनाव बदलल्यावर, असे त्यांनीच नोंदवले आहे. ज्ञान तेच, माणूस तोच, नाव बदलले. म्हणजे अडसर व्याकरणाचा कधीच नव्हता. हे पुस्तक प्रत्येक शिक्षकाने वाचावे.

दुसरा भ्रम बोलीच्या पावित्र्याचा. पांढरपेशा रसिकाला आमची बोली जपून ठेवावीशी वाटते. पण तिच्यात आमची गुलामीही साठलेली होती. ‘जोहार’ बोलीतच होता. ‘मायबाप’ बोलीतच होते. मुलाला धोंड्या आणि मुलीला दगडी म्हणणेही बोलीतलेच. चळवळीने हे शब्द टाकले, ‘जय भीम’ घेतला. १९५६ नंतर घराघरांत सिद्धार्थ, गौतम, सुजाता आले. २०२० च्या डिसेंबरात महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तेव्हा अनेक महारवाडे आपल्या हिमतीवर कधीच भीमनगर झालेले होते. अस्मिता ही वारशाने मिळालेली बोली नव्हे. त्या बोलीतले काय ठेवायचे आणि काय फेकायचे हे स्वतः ठरवणे, म्हणजे अस्मिता. बेबी कांबळे यांच्या पुस्तकाचे शीर्षक ‘जिणं आमुचं’ (१९८६) आहे. त्यात ‘मी’ नाही, ‘आम्ही’ आहे. ऊर्मिला पवारांनी ‘आयदान’ (२००३) हा कोकणातल्या बांबूकामाचा शब्द कपाळावर लावून घेतला. दोघींनी ठेवले ते निवडून ठेवले.

येथपर्यंत आपल्या वाचकांचे माझ्याशी फारसे मतभेद नसतील. आता जे म्हणायचे आहे ते आपल्याच घराविषयी आहे.

माझ्या तालुक्यात कातकरी आहेत. कात करणारा तो कातकरी. जंगलाचे कायदे आले, खैर हातचा गेला, कात गेला. नाव तेवढे राहिले. कोळशाच्या भट्ट्या आल्या आणि गेल्या, आता विटांच्या भट्ट्या. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर जाते, पावसाच्या तोंडाला परतते. शाळेचे वर्ष मधल्या मधे बुडते. त्यांच्या बोलीला ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) नोंद मिळाली. वेलिंग यांनी १९३४ मध्ये त्यांच्यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. नोंदी आहेत, ग्रंथ आहेत. पण निवेदन कोठे आहे? गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हे शेजारच्या ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांच्या उठावाचे प्रामाणिक आणि थोर पुस्तक. परंतु त्यातही सांगणाऱ्या गोदूताई आहेत. वारली बोलतो, अर्थ त्या लावतात.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता असताना शोध थांबला. त्या आठवड्यात वृत्तपत्रांनी त्या वाडीचे नाव इर्शाळवाडी, इर्शालवाडी, इरसालवाडी असे निरनिराळे छापले. ‘ळ’ आणि ‘ल’ यांसाठी ज्या पोरांना वर्गात उभे केले जाते त्यांच्या वाडीचे नाव शुद्ध कोणते, हे शुद्ध लिहिणाऱ्यांना ठाऊक नव्हते. कारण ते नाव लिहिण्याची वेळच त्यांच्यावर आली नव्हती.

यावर आपले कार्यकर्ते म्हणतील, कातकऱ्याच्या पोराला दाखला हवा, जमिनीचा कागद हवा, त्यासाठी प्रमाण मराठी हवी. बोलीचे कौतुक त्याच्या काय कामाचे? आक्षेप खरा आहे. त्याला प्रमाण मराठी मिळालीच पाहिजे, ती त्याच्या हातातले हत्यार आहे. पण हत्यार देताना जीभ मागून घेण्याचे कारण नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचा शासन निर्णय निघाला, महाराष्ट्र खवळला आणि २९ जूनला तो मागे घ्यावा लागला. कोवळ्या मुलावर परकी भाषा लादू नये, हा युक्तिवाद तेव्हा सर्वांच्या मुखी होता. तो बरोबरच होता. मात्र कातकरवाडीतल्या सहा वर्षांच्या मुलाला पहिल्या दिवशी वर्गात ऐकू येणारी मराठीही त्याच्या घरची नसते. त्याच्या बाजूने हा युक्तिवाद कोणी केल्याचे मी ऐकले नाही. आपणही केला नाही.

आपल्या चळवळीने शब्दांचा अर्थ सांगण्याचा अधिकार झगडून मिळवला. त्या अधिकाराची परीक्षा आता आपल्यापाशी आहे. कर्जत-खालापूरच्या शिक्षकांनी वाडीतल्या मुलांकडून त्यांचे शब्द लिहून घ्यावेत. आपल्या नियतकालिकांनी कातकरी माणसाचे लेखन आले तर ते दुरुस्त न करता छापावे. शब्द अडला तर तो आपण त्याला विचारावा. तेंडुलकरांना जे जमले ते आपल्याला जमत नसेल, तर खालच्या भाषेसाठी आपण केलेला झगडा आपल्या एका पायरीपुरताच होता, असे पुढची पिढी म्हणेल आणि तिला तसे म्हणण्याचा हक्क असेल.