हाडीमासी खिळलेली धून
केल्टिक आणि पेगन फोक मेटल आज कुठे उभं आहे?

फ्रान्सच्या मध्यभागी, क्लेरमॉं-फेरांला लागून शामालिएर नावाचं गाव आहे. तिथल्या एका झऱ्याच्या उत्खननात १९७१ साली तळहातावर मावेल एवढा शिशाचा पत्रा सापडला. अक्षरं रोमन, भाषा मात्र गॉलिश. कुणीतरी देवांना आवाहन करून तो पत्रा झऱ्याला अर्पण केला होता. ही भाषा बोलणारं शेवटचं माणूस जाऊन चौदा-पंधरा शतकं उलटली. आणि तरीही २००९ साली एलुवेइटी या स्विस बँडने 'इव्होकेशन १' या अल्बमात त्या पत्र्यावरच्या मजकुराचं गाणं केलं. त्याच अल्बममधल्या 'ब्रिक्टोम'चे शब्द १९८३ साली लार्झाक इथे मिळालेल्या दुसऱ्या शिशाच्या पत्र्यावरचे आहेत. मेलेल्या भाषेतली ही गाणी उन्हाळ्यातल्या मोठमोठ्या महोत्सवांच्या मंचांवर पोचली आहेत. पुरातत्त्वाच्या कपाटातला शब्द असा गर्दीच्या तोंडी यावा, असं इतर कुठल्या लोकप्रिय संगीतात क्वचितच घडलं असेल.

या कलाप्रकाराकडे आस्थेने पाहावं, ते या धाडसामुळे. आणि आस्था असल्यामुळेच एक प्रश्न स्पष्ट विचारायला हवा: मंचावर ऐकू येणारी लोकधून या संगीताच्या हाडीमासी खिळलेली आहे, की नुसती अंगावर चढवलेली आहे?

आधी उगम पाहू. ब्रिटनीचा हार्पवादक आलाँ स्तिवेल याने १९७२ साली पॅरिसच्या 'ओलँपिया'त जो कार्यक्रम केला, त्याने ब्रेतों लोकगीतं विजेच्या गिटारीसह घराघरांत नेली. पुढच्याच वर्षी आयर्लंडच्या हॉर्सलिप्सने 'द टॉइन' या अल्बममध्ये प्राचीन आयरिश वीरकथा रॉकमध्ये बांधली. त्यातल्या 'डेअर्ग डूम' या गाण्याचा गिटारीवरचा मुख्य तुकडा जुन्या आयरिश कूचगीतातून उचललेला आहे. दुसरा ओघ मेटलमधला. स्वीडनच्या बाथरीने १९९० च्या 'हॅमरहार्ट'मध्ये सैतानाची भाषा बाजूला ठेवून पूर्वजांच्या देवांकडे मोर्चा वळवला. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला स्कायक्लॅड हा बँड उभा राहिला आणि १९९१ च्या पहिल्याच अल्बममध्ये व्हायोलिन आणि जिगची चाल थ्रॅशच्या वेगाला जोडली गेली. १९९२ साली डब्लिनमध्ये कीथ फे याने क्रूआखन हा बँड सुरू केला. १९९५ चा 'टूआहा ना गेल' हा केल्टिक मेटलचा पहिला ठसठशीत दस्तऐवज. २००२ च्या त्यांच्या 'फोक-लोअर'मध्ये पोग्ज या बँडचा शेन मॅकगोवन येऊन गायला. आयरिश गाण्याची जुनी आणि नवी पिढी तिथे एका ध्वनिमुद्रणात भेटली.

ही सोयरीक जमली कशी, याचं उत्तर स्वरांतच आहे. मेटल गिटारीचा पाया असलेला 'पॉवर कॉर्ड' म्हणजे फक्त सा आणि प. त्यात गंधार नाही, त्यामुळे स्वरावली कोमल की शुद्ध याचा निवाडा तो करत नाही. बॅगपाइपचा अखंड गुंजणारा आधारस्वर किंवा हर्डी-गर्डी या चाकाने वाजणाऱ्या तंतुवाद्याच्या बाजूच्या तारा हेच करतात: खाली जमीन धरून ठेवतात आणि वरच्या धुनेला मोकळं सोडतात. तानपुऱ्यावर कान तयार झालेल्या मराठी रसिकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. लयीचंही तसंच. 'रील' या नाचाच्या चालीत स्वरांची संततधार असते, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. मेटलच्या ड्रमरचे दोन्ही पाय नेमकी तीच संततधार धरतात. 'जिग' तीन-तीनच्या गटांत, म्हणजे आपल्या दादऱ्याच्या वजनात चालते, आणि जड गिटारीखाली तिचा झोका अधिकच खोल जातो. दोन्ही घराणी दिसायला दूरची, पण गोत्र एक.

म्हणूनच बिघडतं तेव्हा नेमकं कुठे बिघडतं, तेही सांगता येतं. अनेक बँड आधी सर्वसाधारण मेटल गाणं रचतात आणि मग ओळी संपतात तिथे बासरीचा तुकडा चिकटवतात. तो काढून टाकला तरी गाण्याचं काही अडत नाही. त्याखाली कीबोर्डचे भरगच्च कॉर्ड ओतले, की उरलीसुरली मोकळीकही जाते, कारण ते कॉर्ड धुनेचा गंधार, निषाद सारं आधीच ठरवून टाकतात. उलट एलुवेइटीचं २००८ च्या 'स्लानिया'वरचं 'इनिस मोना' ऐकावं. त्याची धून स्तिवेलने गाजवलेल्या 'त्री मार्तोलोद' या ब्रेतों गीताची. ती काढली तर गाणंच उरत नाही. गिटार, ड्रम, गळा, सगळे तिच्याभोवती फेर धरतात. खिळलेली धून म्हणतो ती ही.

आता 'केल्टिक' आणि 'पेगन' हे शब्द. जाहिरातीत ते जोडीने येतात. पण त्यांचा अर्थ एक नाही. केल्टिक म्हणून जे वाजतं ते आयर्लंड, स्कॉटलंड, ब्रिटनीचं जितंजागतं लोकसंगीत आहे आणि त्याचा बराचसा साठा गेल्या तीन-चारशे वर्षांतला, म्हणजे पूर्णपणे ख्रिस्ती काळातला आहे. पेगन म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीचं, आणि त्या काळातल्या केल्टांचा एकही सूर आपल्यापर्यंत आलेला नाही. ड्रुइड, म्हणजे केल्टांचे पुरोहित, आपली विद्या लिहून ठेवत नसत, असं सीझरने नोंदवलं आहे. त्यांची गाणी त्यांच्याबरोबरच गेली. म्हणजे पेगन संगीत ही परंपरा नाही, ती कल्पनेने केलेली पुनर्रचना आहे. यात कमीपणा काही नाही. कमीपणा आहे तो ही गोष्ट लपवण्यात.

परंपरेच्या नावाने जो 'हजारो वर्षांचा वारसा' विकला जातो, त्याला वाद्यांचा इतिहासच उत्तर देतो. आयरिश संगीताची ओळख बनलेली टिन व्हिसल १८४३ मध्ये इंग्लंडात रॉबर्ट क्लार्कने पत्र्यापासून बनवायला घेतली. बोध्रान या चर्मवाद्याला वाद्यमेळात आजची प्रतिष्ठा मिळाली ती १९६० च्या दशकात, संगीतकार शॉन ओ रीआदाच्या प्रयत्नांमुळे. ग्रीसचा बुझुकी आयर्लंडमध्ये आला तोही त्याच दशकात. जी परंपरा पत्र्याची शिट्टी आणि परदेशी तंतुवाद्य पोटात घेऊन मोठी झाली, तिला गिटारचा ॲम्प्लिफायर बाटवू शकत नाही. लोकसंगीताचे सोवळेकरी आणि 'अस्सल प्राचीन' म्हणून मिरवणारे बँड, दोघांनीही हे लक्षात घ्यायला हवं.

पेगन वृत्ती शिंगांच्या शिरस्त्राणात नसते, हे सर्वांत प्रभावीपणे दाखवलं ते आयर्लंडच्या प्रायमॉर्डियलने. त्यांच्याकडे व्हायोलिन, बासरी यांचा मारा नाही. पण २००५ च्या 'द गॅदरिंग वाइल्डरनेस'मधलं 'द कॉफिन शिप्स' ऐकताना १८४५ नंतरचा बटाट्याचा दुष्काळ, सुमारे दहा लाखांचे मृत्यू आणि तेवढ्याच लोकांचं देशांतर छातीवर येऊन बसतं. गिटारींच्या संथ लाटा, गायक नेमथिअँगाचा हंबरडा, आणि विलापगीताची लय. वाद्य लोकांचं नाही, पण दुःख लोकांचं आहे, आणि ते गाण्याच्या रचनेत उतरलेलं आहे. फिनलंडचा मूनसॉरो अर्ध्या तासाच्या आसपास जाणाऱ्या गाण्यांतून हेच साधतो. २००७ च्या त्यांच्या 'व्ही: हॅविटेट्टी'मध्ये गाणी मिळून दोनच आहेत.

असं संगीत महोत्सवात कसं टिकतं? २००८ साली युरोपभर फिरलेल्या पेगनफेस्टमध्ये एन्सिफेरम, मूनसॉरो, कोर्पिक्लानी, एलुवेइटी आणि फेरो बेटांचा ट्यूर एकाच रात्री ऐकायला मिळत. जर्मनीत लिख्टेनफेल्सचा राग्नारॉक महोत्सव तर याच संगीताला वाहिलेला. फ्रान्समध्ये क्लिसॉंच्या हेलफेस्टचा 'टेंपल' मंच ब्लॅक आणि पेगन मेटलसाठी राखलेला असतो. या महोत्सवांनी छोट्या देशांतल्या, छोट्या भाषांतल्या बँडना श्रोता मिळवून दिला, हे ऋण मोठं आहे. एस्टोनियाचा मेट्साटॉल आपला देशी बॅगपाइप आणि रेगिलाउलची पुनरावर्ती गायनरीत घेऊन जर्मन गर्दीपुढे उभा राहतो, हे महोत्सवांवाचून घडलं नसतं.

पण महोत्सवाची घडण या संगीताच्या मुळावरही येते. बहुतेक बँडना मिळतात चाळीस-पन्नास मिनिटं, आणि आधीच्या बँडने मंच सोडल्यावर ध्वनी जुळवायला त्याहून कितीतरी कमी. मेटलच्या साध्या बँडला ते पुरतं. आठ-नऊ जणांच्या बँडमध्ये मात्र फिडल, व्हिसल, हार्प, पाइप अशी नाजूक आवाजाची वाद्यं असतात. त्यांच्यासमोर माइक ठेवला तर त्यात आधी शिरतो ड्रमचा गडगडाट. माइकचा आवाज वाढवला तर भोंगे शिट्ट्या मारू लागतात. हर्डी-गर्डीचं राळ लावलेलं चाक हवेतल्या ओलाव्याने रुसतं, तारांचा सूर उतरतो. परिणामी धून पहिल्या रांगेपलीकडे पोचत नाही, किंवा ती आधीच मुद्रित करून मागून वाजवली जाते. हा दुसरा मार्ग मला मनापासून खुपतो. लोकसंगीताचा प्राण वाजवणाऱ्याच्या हातात, त्याच्या त्या दिवशीच्या श्वासात असतो. मंचावर पाइप नसताना पाइपचा आवाज येत असेल, तर श्रोत्यापुढे त्या परंपरेचं चित्र आहे, ती स्वतः नाही.

दुसरं संकट मद्यगीतांचं. दुपारी तीनच्या उन्हात दमलेल्या गर्दीला उठवायचं तर पेल्याचं गाणं हमखास चालतं. कोर्पिक्लानीचं २००९ चं 'वोडका' हे त्याचं गाजलेलं उदाहरण. हा बँड मुळात 'शमन' या नावाने सामी लोकांच्या योइक गायनाशी नातं सांगत उभा राहिला होता, आणि आजही त्यांचा फिडल आणि अकॉर्डियन खरा, हातचा आहे. लोकसंगीतात उत्सव आणि नशा असतेच. तिला नाक मुरडण्याचं कारण नाही. दुखतं ते हे, की त्यांची नक्कल करणाऱ्या पिढीने फक्त पेला उचलला, योइक नाही. एका दिवसात अशा चार बँडची चार मद्यगीतं ऐकली की फिनलंड, इटली, जर्मनी सगळ्यांचं लोकसंगीत एकच होऊन जातं. ज्या कलेचं बळ प्रदेशाच्या वेगळेपणात, तिने असं एकसुरी व्हावं, हा तिचा सर्वांत मोठा पराभव.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर. पूर्वज, भूमी, रक्त हे शब्द उच्चारले की वंशद्वेष्टे दाराशी येऊन उभे राहतात. रून लिपीची चिन्हं नाझींनी वापरली, तो डाग अजून धुतला गेलेला नाही. ब्लॅक मेटलच्या एका कोपऱ्यात नवनाझी बँड उघडपणे आहेत. २००८ च्या पेगनफेस्टमधल्या काही बँडवर जर्मनीत असे आरोप झाले आणि त्यांनी ते जाहीरपणे फेटाळले. ट्यूरने तर २०११ च्या 'द ले ऑफ थ्रिम'मध्ये 'शॅडो ऑफ द स्वस्तिका' हे गाणंच केलं, आणि नाझींच्या पापाचं ओझं आणि वंशाची घमेंड दोन्ही झिडकारली. माझं मत असं, की या संगीतात गप्प राहणं तटस्थपणा ठरत नाही. जे बँड स्पष्ट बोलतात तेच वारसा राखतात. एलुवेइटीचा २०१२ चा 'हेल्वेटिओस' याबाबतीत पाहण्याजोगा आहे. इसवी सनपूर्व ५८ मध्ये हेल्वेटी जमातीने आपलीच गावं जाळून देशांतर केलं आणि सीझरने त्यांना मोडून काढलं. सीझरच्या आकड्यांप्रमाणे मित्र जमाती धरून निघाले ३,६८,००० आणि परतले १,१०,०००. या अल्बममध्ये पूर्वज येतात ते हरलेले, निर्वासित झालेले. निर्वासितांच्या कथेतून वंशाचा अहंकार सहज उगवत नाही.

पहिली लाट आता ओसरली आहे. पूर्वजांच्या देवांची ओढ असलेला श्रोता मोठ्या संख्येने नॉर्वेच्या वॉर्डरूनाकडे वळला, ज्यांनी गिटारच बाजूला ठेवली. दुसरीकडे मंगोलियाचा द हू मोरिन खूर हे तंतुवाद्य आणि कंठगायन घेऊन, आणि दिल्लीचा ब्लडीवूड ढोल घेऊन युरोपच्या त्याच महोत्सवांत उभे राहिले. केल्टिक बँडनी यातून घाबरून जाऊ नये, शिकावं. या नव्या मंडळींचं यश वेशभूषेत नाही. त्यांच्या गाण्यातून वाद्य काढलं तर गाणं कोसळतं, हे आहे.

महोत्सव भरवणाऱ्यांकडून मागणं एकच: बँडची संख्या दोनने कमी करा आणि तो वेळ ध्वनी जुळवायला द्या. बँडकडून मागणं: ज्या गावाची धून घेता त्या गावाचं आणि गाणाऱ्याचं नाव सांगा, आणि जे तुम्ही रचलंत ते तुमचं म्हणा.

स्कॉटलंडमध्ये डेस्कफर्डला १८१६ साली केल्टांच्या युद्धतुतारीचं, कार्निक्सचं, रानडुकराच्या आकाराचं पितळी तोंड सापडलं. त्या वेळी जबड्यात लाकडी जीभ होती. पुढे ती हरवली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ती तुतारी पुन्हा घडवली गेली आणि जॉन केनी या वादकाने ती फुंकली. कशी फुंकायची हे सांगणारं कुणी नव्हतं. ओठ आणि दम लावून, चुकत-माकत त्याने तिचे आवाज शोधले. घडवणाऱ्यांनी जबड्यात जीभ नव्याने बसवली, आणि ती नवी आहे हे कधी लपवलं नाही. फोक मेटलने आपल्या हरवलेल्या जिभेच्या जागी जे बसवायचं, ते याच सचोटीने बसवावं.