कंसातले तीन शब्द

आबनुसाची काळीभोर काठी, तिला चौदा कॅरट सोन्याची मूठ आणि मुठीच्या माथ्यावर कोरलेलं एक वाक्य. ‘बॉस्टन पोस्टकडून अमुक गावच्या सर्वांत वयोवृद्ध नागरिकास’ एवढंच. आणि त्याखाली, कंसात, तीन इंग्रजी शब्द: ‘टू बी ट्रान्समिटेड’.

मी ही काठी हातात घेतलेली नाही. छायाचित्रं पाहिली आहेत, बोटांनी ताणून मोठी करून पाहिली आहेत. कवितांचं रसग्रहण करत आयुष्य गेलेल्या माणसाला दुकानाच्या पाटीतही वृत्त सापडतं, हा दोष मला कबूल आहे. पण हा मजकूर गेले कित्येक दिवस डोक्यातून जात नाही. मृत्यूवर इतक्या कमी शब्दांत आणि मृत्यूचं नावही न घेता लिहिलेलं मी फार थोडं वाचलं आहे.

आधी ही काठी आली कुठून ते सांगतो. एडविन ग्रोझियर हा न्यूयॉर्कला जोसेफ पुलित्झरच्या हाताखाली तयार झालेला पत्रकार. १८९१ मध्ये त्यानं बॉस्टनचं ‘पोस्ट’ हे डबघाईला आलेलं वर्तमानपत्र विकत घेतलं आणि नाना युक्त्या लढवून त्याचा खप वाढवला. पुढे १९१४ मध्ये याच पोस्टनं शाळकरी मुलांकडून पै-पैसा गोळा करून बॉस्टनच्या प्राणिसंग्रहालयासाठी तीन हत्ती आणले, यावरून गृहस्थाच्या डोक्याची कल्पना यावी. ऑगस्ट १९०९ मध्ये त्यानं अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या न्यू इंग्लंडमधल्या सातशे गावांच्या कारभाऱ्यांना पत्र पाठवलं. प्रत्येक गावाला एक काठी मिळेल. ती गावातल्या सर्वांत वयस्क पुरुषाला द्यायची. तो जिवंत असेपर्यंत आणि गाव सोडून जात नाही तोपर्यंत काठी त्याच्याकडे राहील, नंतर ती पुढच्या वयस्काकडे जाईल. मालकी माणसाची नाही, गावाची. कारभारी तिचे विश्वस्त. मॅसॅच्युसेट्स, मेन, न्यू हॅम्पशर, ऱ्होड आयलंड या राज्यांतली ही गावं. शहरांना काठ्या दिल्याच नाहीत. कनेटिकटमधलं एकही गाव यादीत नव्हतं. त्याचं कारण शोधत बसायला मला सवड नाही.

शहरं वगळण्यामागे मात्र मला चांगली जाण दिसते. न्यू इंग्लंडचं ‘टाउन’ म्हणजे नुसती लहान वस्ती नव्हे. तिथे वर्षातून एकदा गावसभा भरते, गावकरी हात वर करून अंदाजपत्रक मंजूर करतात आणि ‘सिलेक्टमेन’ म्हणवले जाणारे निवडलेले पंच वर्षभर कारभार पाहतात. अशा गावात सर्वांत म्हातारं कोण, हे नोंदवही उघडण्याआधी लोकांना ठाऊक असतं. बॉस्टनसारख्या शहरात ‘सर्वांत वयोवृद्ध’ हा आकडा झाला असता. गावात तो चेहरा होता, त्याच्या खोकल्यासकट ओळखीचा.

आता मजकुराकडे येऊ. पहिलं नाव देणाऱ्याचं आहे. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची पद्धत होती. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं ‘चि. सौ. कां. अमुक हिस मामांकडून सप्रेम भेट’, खाली तारीख. तिथे घेणारी आधी येते, मामा मागून. काठीवर उलटं आहे. सोन्याच्या मुठीवर आधी वर्तमानपत्र, मग माणूस. ही जाहिरात आहे आणि ती तशी नसल्याचा आव ग्रोझियरनं आणलेला नाही. सातशे गावांत, चुलीपाशी बसलेल्या सर्वांत मानाच्या म्हाताऱ्याच्या मुठीत आपलं नाव राहील आणि येणारा-जाणारा ते वाचेल, हा सरळ व्यापारी हिशेब. मला तो खुपत नाही. ताजमहालही कुणाच्या तरी ऐपतीची जाहिरातच आहे.

पण घेणाऱ्याचं नाव कुठे आहे? नाहीच. गावाचं नाव कोरलेलं आहे, माणसाचं नाही. भांड्यावरची ती चि. सौ. कां. अमुक एकच होती, तिचं लग्न त्या एका तारखेलाच झालं होतं. काठीवर नुसती जागा आहे: सर्वांत वयोवृद्ध नागरिक. त्या जागेवर आज हा बसेल, उद्या तो. तारीखही कोरलेली नाही. म्हणजे मजकूर कायम वर्तमानकाळात राहतो आणि माणसं त्यातून ये-जा करतात. सन्मानचिन्हावर सत्कारमूर्तीचंच नाव नसणं हे इतकं विचित्र आहे की प्रथम ते लक्षातच येत नाही.

‘सर्वांत वयोवृद्ध’ हे माझं भाषांतर मलाच पसंत नाही. मूळ शब्द ‘ओल्डेस्ट’, एका शब्दातला, तमभाववाचक. आपल्याकडे त्याच्या तोडीचा एक अस्सल शब्द होता: ज्येष्ठ. संस्कृतात तो मुळातच ‘सगळ्यांत थोरला’ या अर्थाचा. त्यातला ‘इष्ठ’ हा प्रत्यय तेच सांगतो. आपण तो इतका घासला की आता साठी उलटलेला कोणीही ज्येष्ठ नागरिक होतो आणि खऱ्या ज्येष्ठाला ‘ज्येष्ठतम’ म्हणावं लागतं. काठीवरच्या शब्दाला अशी सूट नाही. एका वेळी एकच. आपलं सहस्रचंद्रदर्शन आठवून पाहा. एक्याऐंशीच्या सुमारास हजार पौर्णिमा होतात आणि माणूस त्या मानाला पोचतो. शेजारचाही पोचतो, त्याची बायकोही पोचते, कुणाचं कुणावाचून अडत नाही. तिथे वयाचं माप चंद्र आहे. काठीचं माप शेजारी आहेत. ती मिळायला तुम्ही नुसतं जगून चालत नाही, इतरांनी जायला हवं असतं. गोड वाटणाऱ्या या मानाच्या पोटात केवढी थंडगार गोष्ट आहे! काठी स्वीकारणारा माणूस गावाकडून ऐकतो की तुझ्या आधीचे सगळे गेले. हे त्याला अर्थातच ठाऊक असतं. पण सोन्यावर कोरून कुणी हातात दिलेलं नसतं.

या मजकुरातला मला सर्वांत आवडणारा अपघात ‘नागरिक’ या शब्दात आहे. ग्रोझियरच्या पत्रात पुरुष असं स्पष्ट होतं. १९०९ मध्ये बॉस्टनच्या परिसरातही बायकांना सरसकट मताधिकार नव्हता. तो १९२० मध्ये आला. बायकांना काठीचा मान मिळायला आणखी दहा वर्षं, बराच वाद आणि १९३० साल लागलं. आणि तेव्हा काठीवरचं एक अक्षरही बदलावं लागलं नाही! कोरणाऱ्यानं ‘सर्वांत वयोवृद्ध नागरिक’ एवढंच कोरलं होतं. पत्र कोतं होतं, मूठ उदार होती. जागा कमी म्हणून ‘पुरुष’ गळला असेल, असेना. कवीच्या मनात नसलेला अर्थ कवितेत असू शकतो, हे आपण वर्गात घसा कोरडा करून सांगतो, त्याला याहून चांगलं उदाहरण मला मिळणार नाही. गावोगाव बायका पुरुषांहून अधिक जगतात, त्यामुळे पुढे ही काठी पुष्कळदा आज्यांच्याच हाती गेली.

आता कंस.

‘टू बी ट्रान्समिटेड.’ याचं मराठी काय करावं? ‘पुढे द्यायची आहे’ हे घरगुती झालं, शेजारणीला दिलेल्या डब्यासारखं. ‘हस्तांतरणीय’ म्हटलं की तलाठी आणि फेरफार आठवतो. तरी त्यात ‘हस्त’ आहे म्हणून तो शब्द मला अगदीच टाकवत नाही, काठी शेवटी हाताहातांतूनच जाते. मूळ लॅटिन धातूचा अर्थ ‘पलीकडे पाठवणे’. त्या काळी तारायंत्रामुळे हा शब्द रोजच्या बोलण्यातला झाला होता, आणि डाकेचंच नाव धारण करणाऱ्या वर्तमानपत्राला तो सुचावा यात नवल नाही. पण ‘पलीकडे’ हा आपला शब्द ठेवून वाचून पाहा. पलीकडे पाठवायची आहे. कोणाला? काठीला. व्याकरण तसंच सांगतं. पण मूठ धरून बसलेला माणूस ते वाचताना आणखी कोणाचं तरी नाव त्यात घालतोच.

शिवाय प्रयोग कर्मणी आहे. कोणी पाठवायची, कधी, कशानंतर, यातलं काही नाही. कर्ता गाळला आहे, कारण तो लिहिता येण्यासारखा नाही. आपले आलंकारिक ज्याला व्यंजना म्हणतात ती याहून शुद्ध क्वचितच सापडेल: वाच्यार्थ वस्तूच्या पुढच्या प्रवासाचा, व्यंग्यार्थ धारकाच्या मरणाचा, आणि दोहोंमध्ये सुतकाचा एक शब्द नाही. ग्रोझियरच्या पत्रात मृत्यूचा साधा उल्लेख आहे, कारण पत्र पंचांसाठी होतं. मूठ म्हाताऱ्यासाठी होती. तिथे हा संकोच पाळला गेला. मी याला सभ्यता म्हणतो.

आणि कंस का? वाक्य त्याच्याशिवायही चाललं असतं. ‘...वयोवृद्ध नागरिकास प्रदान’, संपलं, भेट झाली. कंस त्या भेटीचं उसनवारीत रूपांतर करतो, आणि तेही आवाज खाली आणून. सत्कारसमारंभात पाहुणा भाषण संपवून शेजाऱ्याच्या कानात काही सांगतो ना, तसा. भाषण सर्वांसाठी, कुजबूज एकट्यासाठी.

ही कुजबूज बऱ्याच घरांनी ऐकलीच नाही. आजोबा गेले, काठी दाराआड राहिली, मग माळ्यावर गेली. आमच्याकडे आजीच्या मागे तिची काठी अशीच कोपऱ्यात वर्षभर उभी होती, तिला हात लावायचा धीर कुणाला नव्हता. त्यामुळे त्या घरांना मी चोर म्हणू शकत नाही. सोनं होतं, आजोबांची खूण होती, आणि रक्ताचा वारसा ही सवय फार जुनी. काठी मात्र रक्त मानत नाही. तिचा वारस जन्मसालावरून ठरतो. तो आजोबांचा लहानपणचा मित्र असेल, बांधाला बांध लागलेला भांडखोर शेजारी असेल किंवा मुलाकडे राहायला आलेली अनोळखी बाई असेल. कित्येक काठ्या अशा हरवल्या, काही आगीत गेल्या, काही जुन्या वस्तूंच्या दुकानांत आणि लिलावांत निघाल्या. कंस कोरलेला असताना त्या विकल्या गेल्या, हे त्यातलं दुखणं. काही दशकांनी परतही आल्या. मॅसॅच्युसेट्समधल्या मेनार्ड गावची इतिहास संस्था कुठली काठी कुठे आहे याची नोंद चिकाटीनं ठेवते.

काही म्हाताऱ्यांनी कुजबूज नको इतकी ऐकली. ही काठी घेतली की माणूस फार दिवस राहत नाही, असा समज गावोगाव आहे आणि त्यापायी ती नाकारणारेही निघाले. हसू नये. गावातल्या सर्वांत वयस्क माणसाला जी वस्तू द्याल ती अपशकुनीच ठरणार. चांदीचा पेला दिला असता तरी तेच झालं असतं. पण हे लोक मजकुराचे सर्वांत सावध वाचक होते असं मला वाटतं. त्यांना कंसाचा अर्थ पुरता कळला होता.

काठीच्या देहाविषयी मात्र मजकूर गप्प आहे. न्यूयॉर्कच्या जे. एफ. फ्रॅडली यांच्या कारखान्यात ती घडली. आबनुसाचे सात-सात फुटी सोट काँगोहून आले, सहा महिने वाळवले, मग कातले, घासले, चकचकीत केले. १९०८ पर्यंत काँगोचा मोठा भाग बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याची जवळजवळ खाजगी जहागीर होता आणि तिथल्या रबरापायी लोकांचे काय हाल झाले ते तेव्हाच जगजाहीर झालं होतं. हे लाकूड कुठल्या काठावर कुणी तोडलं ते कोरलेलं नाही. देणाऱ्याचं नाव आहे, घेणाऱ्याची जागा आहे, पाठवणारा गाळला आहे. तोडणारा तर त्या वाक्याच्या आसपासही नाही. चांगल्या मजकुराचाही हा एक दोष म्हणून मी नोंदवतो.

देणाऱ्याचं पुढे काय झालं? पोस्टनं १९२० मध्ये गुंतवणूकदारांना फसवणाऱ्या चार्ल्स पाँझीचं पितळ उघडं पाडलं आणि पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळवलं. ज्याच्या हाताखाली ग्रोझियर शिकला त्याच्याच नावाचं. १९२४ मध्ये ग्रोझियर वारला. १९५६ मध्ये वर्तमानपत्रच बंद पडलं. जाहिरात शिल्लक आहे, विकायला काही नाही. आता मुठीवरचं पहिलं नावही ‘पलीकडे’ गेलेल्याचंच आहे.

अलीकडे अनेक गावांनी मूळ काठी टाउन हॉलमध्ये काचेच्या पेटीत कुलूपबंद केली आहे. सत्कारमूर्तीला तिची प्रतिकृती किंवा प्रशस्तिपत्र देतात, ते घरच्यांनी ठेवून घेतलं तरी चालतं. हरवण्याच्या भीतीनं केलेली ही सोय मला समजते, पण पटत नाही. ठेवून घ्यायच्या वस्तूवर कंसाला काय काम? पेटीतली काठी कुणाला दिलेली नसते, म्हणून ती कुणाकडून पुढेही जात नाही.

सगळ्या गावांनी तसं केलेलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं. मुलांकडे बॉस्टनच्या बाजूला जाणारे मराठी आईवडील आता पुष्कळ आहेत. हार्वर्ड पाहून झालं, बंदर पाहून झालं की एखाद्या दुपारी जवळच्या लहान गावाच्या टाउन हॉलमध्ये जा आणि काठी कुठे असते म्हणून विचारा. पेटीत असेल तर काचेला नाक लावून खालची ओळ वाचा. पण ‘ती सध्या अमक्या आजींकडे आहे’ असं उत्तर मिळालं, तर न पाहताच परत या.