नक्कल करावी, पण कशाची?

चित्रकला शिकणाऱ्या मुलांना आपल्याकडे दोन सल्ले हमखास मिळतात. 'मोठ्यांची चित्रे बघून हात बसव' हा पहिला. 'नक्कल करू नकोस, स्वतःची शैली शोध' हा दुसरा. पुष्कळदा दोन्ही एकाच माणसाकडून येतात. यातला खरा कोणता, याचा निवाडा मते मांडून होणार नाही, त्यासाठी उदाहरण तपासावे लागेल. सुदैवाने तसे उदाहरण आमच्या वऱ्हाडाच्या शेजारीच आहे. अजिंठ्याच्या भिंतींसमोर बसून विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्यांनी नकला केल्या. चित्रे तीच होती, पण तुकड्या वेगळे शिकून परतल्या.

त्याआधीही एक नक्कल झाली होती. मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल याला 1844 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने या कामावर नेमले. त्याने वर्षानुवर्षे खपून केलेली बहुतेक चित्रे 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेली. गिल 1879 मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे, म्हणजे आमच्या मलकापूर स्थानकातून गाडीने तासाभराच्या अंतरावर. तो विद्यार्थी नव्हता, म्हणून त्याची गोष्ट इथेच सोडतो.

पहिली तुकडी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची. जॉन ग्रिफिथ्स 1865 मध्ये तिथे शिक्षक म्हणून आला. 1872 पासून 1885 पर्यंत, मधले काही खंड सोडता, तो विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यात जात राहिला. कॅनव्हासवर तैलरंगात सुमारे तीनशे चित्रे तयार झाली. त्यातलीही बरीचशी 1885 मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत जळाली किंवा खराब झाली. उरलेल्या सामग्रीवर त्याने 1896-97 मध्ये दोन मोठे खंड काढले. हे खंड मी संगणकाच्या पडद्यावर पानापानाने पाहिले आहेत. त्यामागची मेहनत पाहून मान झुकते.

तरीही एक प्रश्न उरतो. भारतीय विद्यार्थ्यासमोर ठेवायला अजिंठ्याइतका चांगला नमुना दुसरा नाही, असे ग्रिफिथ्सचे स्पष्ट मत होते. मग तेरा वर्षांच्या या उद्योगातून त्याच्या विद्यार्थ्यांच्या हातात अजिंठा का उतरला नाही? त्याच्या तुकडीतले पेस्तनजी बोमनजी हे गुणी चित्रकार. पुढे त्यांचे नाव झाले ते पारशी घरांतल्या माणसांच्या तैलचित्रांमुळे, आणि त्या चित्रांत युरोपीय तैलरंगाची शिस्त आहे. पद्मपाणीच्या भुवईची ती एका दमात ओढलेली रेषा त्यात शोधूनही सापडत नाही.

माझ्या मते उत्तर दोन ठिकाणी आहे. पहिले, साधन. अजिंठ्याची चित्रे कोरड्या गिलाव्यावर डिंक-सरसासारख्या बंधकातून लावलेल्या रंगांची आहेत आणि त्यांचा प्राण रेषेत आहे. तैलरंगात छटा एकमेकींत मिसळतात आणि रेषा त्यात बुडते. दुसरे, आणि अधिक महत्त्वाचे, शाळेचा रोजचा पाठ. मुंबईला परतल्यावर विद्यार्थ्यांपुढे ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे असत. छायाप्रकाश आणि यथार्थदर्शन घोटून घेतले जाई. गुण त्यालाच मिळत. गुरू तोंडाने अजिंठ्याची थोरवी सांगत होता आणि त्याची शाळा दुसऱ्याच गोष्टीचे मोल करत होती. अशा वेळी विद्यार्थी शाळेचेच ऐकतो. त्यात त्याचा दोष नाही.

चित्र स्पष्ट दिसावे म्हणून त्या काळात भिंतींना व्हार्निश लावले गेले, आणि पुढे ते पिवळे पडून चित्रेच झाकोळली. ज्याचे कौतुक करायचे त्याच्यावर आपलीच साय चढवायची, असे त्या शिक्षणाचेही झाले.

दुसरी तुकडी 1909 ते 1911 च्या हिवाळ्यांत आली. तिची प्रमुख होती क्रिस्तियाना हेरिंगहॅम ही इंग्रज चित्रकर्ती. तिच्या मदतीला हैदराबादचे दोन चित्रकार आणि कलकत्त्याहून अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य होते. त्यांत नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार होते. अजिंठ्यावरच्या लेखनात हेरिंगहॅमबाईंची एक गोष्ट सहसा मागे पडते. त्यांनी 1899 मध्ये चेन्नीनो चेन्नीनी या जुन्या इटालियन चित्रकाराच्या हस्तपुस्तिकेचे इंग्रजी भाषांतर केले होते. सुमारे सहाशे वर्षांपूर्वीच्या त्या पुस्तिकेत शिकाऊ मुलाला सल्ला आहे. त्याचा आशय असा: उत्तमातला उत्तम असा एकच गुरू निवड आणि त्याचीच चित्रे गिरव. आज एकाचे, उद्या दुसऱ्याचे असे केलेस तर कोणाचीच शैली हाती लागणार नाही. एकाच्या मागे राहिलास आणि तुझ्यात काही असेल, तर तुझी शैली आपोआप येईल. त्यानंतर तो सांगतो की निसर्गासारखा मार्गदर्शक नाही.

म्हणजे वरचे दोन सल्ले परस्परविरोधी नाहीत, त्यांना क्रम आहे. आधी एकाचीच सखोल नक्कल, मग डोळे उघडून पाहणे, आणि शैली सर्वांत शेवटी, न मागता.

नंदलालांच्या बाबतीत हा क्रम जुळून आला. त्यांच्या गुरूचे बोलणे आणि हातात दिलेले काम यांत फट नव्हती. भारतीय रेषेकडे पाहा, असे सांगणाऱ्यानेच त्यांना त्या रेषेसमोर पाठवले. 1938 च्या हरिपुरा काँग्रेससाठी त्यांनी केलेली चित्रे पाहा. ढोल वाजवणारा, शेतकरी, कामात गुंतलेल्या बायका. विषय गावातले आहेत, धाटणी लोकचित्रांची आहे. पण छाया न घालता केवळ रेषेने शरीराचा भार दाखवण्याची विद्या आली ती, माझ्या मते, लेण्यांतून. तिथे नक्कल कुठे दिसत नाही, कारण ती पचली आहे.

यावर आक्षेप येईल की नंदलाल अजिंठ्यात आले तेव्हा कोरे नव्हते, त्यामुळे ही तुलना बरोबरीची नाही. आक्षेप रास्त आहे. म्हणून जे. जे. च्याच एका विद्यार्थ्याकडे वळू.

महादेव विश्वनाथ धुरंधर 1890 मध्ये तिथे दाखल झाले आणि 1931 मध्ये निवृत्त झाले. 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे' हे त्यांचे आत्मकथन 1940 चे. धुरंधरांच्या कामात अजिंठा जवळजवळ नाही. ग्रिफिथ्सच्या शाळेने ज्याला खरे मोल दिले ते मानवी शरीराचे रेखाटन त्यांनी मनापासून स्वीकारले आणि त्यात ते पारंगत झाले. हीसुद्धा एकनिष्ठ नक्कलच. पुढे ते रस्त्यावरची माणसे पाहू लागले. ऑटो रॉथफेल्डच्या 1920 च्या 'विमेन ऑफ इंडिया'मधली त्यांची चित्रे चाळली की नऊवारीचा काष्टा चालताना कसा ताणतो आणि डोक्यावर ओझे असताना मान कशी राहते, हे कळते. याउलट त्यांच्या काही पौराणिक चित्रांतली माणसे वेश चढवून उभ्या केलेल्या मॉडेलसारखी वाटतात. तिथे पाहणे थांबले आहे आणि फक्त शाळा उरली आहे. एकाच चित्रकारात क्रम पुरा झालेला आणि अर्ध्यावर राहिलेला, असे दोन्ही दिसते.

हा विषय माझ्यासाठी निव्वळ इतिहासाचा नाही. वडनेर भोलजीत माझ्याकडे जुने दिवाळी अंक चाळायला एक मुलगी येते. इंटरमिजिएट झाली आहे, गोष्टींच्या पुस्तकांसाठी चित्रे काढायची आहेत. वहीत एका पानावर दीनानाथ दलाल, पुढच्या पानावर जपानी कॉमिक, त्याच्या पुढे मोबाइलवर पाहिलेले कोणाचे तरी काम. हात चांगला आहे. एका ठिकाणी वही दाखवली तर 'यात तुझे काय?' असा शेरा मिळाला, आणि तेव्हापासून तिने गिरवणेच बंद केले. आता पान कोरेच राहते. घरात तिला डी.एड. ला घालायची बोलणी चालू आहेत. शेरा मारणाऱ्याने तिच्या वहीतला खरा दोष, म्हणजे रोज बदलणारा गुरू, सांगितलाच नाही. नक्कल हाच दोष ठरवून तो मोकळा झाला.

मी तिला दलालांचे अंक घरी दिले आहेत. एक वर्ष फक्त हेच, आणि रोज एक रेखाटन बसस्टँडवरच्या माणसांचे, एवढेच ठरले आहे. गिरवलेल्या पानावर मूळ चित्रकाराचे नाव लिहायचे, ही एकच अट. शैलीबद्दल वर्षभर बोलायचे नाही.