रंकाळ्याचा गाळ आणि भूकंपाची साक्ष

कोल्हापूरच्या रंकाळ्याविषयीची परंपरा सर्वश्रुत आहे. तलावाच्या जागी पूर्वी दगडाची खाण होती. आठव्या-नवव्या शतकाच्या सुमारास मोठा भूकंप झाला, भूगर्भातील झरे मोकळे झाले आणि खाण पाण्याने भरली, असे ती सांगते. हे विधान इतक्या निःशंकपणे पुस्तकापुस्तकांतून उतरत आले आहे की, त्यास पुरावा कोणता, हा प्रश्नच मागे पडला. तलावांच्या गाळावरून प्राचीन भूकंपांचा छडा लावण्याची पद्धती आता प्रस्थापित झाली आहे. तेव्हा रंकाळ्याचा गाळ छेदून परंपरेची शहानिशा करावी, ही कल्पना सहज सुचण्याजोगी आहे. मात्र गाळास काय विचारता येते आणि काय नाही, याचा विवेक तीत आढळत नाही.

शांत तलावाच्या तळाशी गाळ वर्षानुवर्षे पातळ थरांनी साचत असतो. भूकंपाचा धक्का बसताच उतारावरील गाळ घसरून खोल भागात एकाच जाड थराने पसरतो, मऊ थर चुरगळतात. भोवतालचे डोंगर ढासळले असल्यास पुढे काही दशके ओढेनाले अधिक माती वाहून आणतात. थरांत सापडलेल्या पानांतील व बियांतील कर्ब-१४ मोजून धक्क्याचे वय ठरवता येते. परंतु अतिवृष्टीचा पूरही जाड थर टाकून जातो, आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी अतिवृष्टीचे दुर्भिक्ष नाही! एकट्या तलावाची साक्ष म्हणूनच अपुरी ठरते. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील आल्पाइन भ्रंशाच्या अभ्यासकांनी हे ओळखून निरनिराळ्या तलावांतील थर परस्परांशी ताडून पाहिले. त्याच भ्रंशावरील होकुरी ओढ्याकाठच्या दलदली गाळातून सुमारे ८००० वर्षांतील २४ भूकंप वाचले गेले. त्यांतील सरासरी अंतर ३३० वर्षांच्या आसपास निघाले. हे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. तेथील १७१७ च्या भूकंपास वृक्षांच्या वलयांचीही स्वतंत्र साक्ष आहे, हे विसरता कामा नये.

रंकाळ्याची अडचण याहून मूलभूत आहे. गाळ साचतो तो पाणी आल्यानंतर. सर्वांत खालचा थर फार तर पाणी केव्हापासून साचून आहे हे सांगेल. ते कशामुळे आले, हे त्यास सांगता येणार नाही. समजा, तळाचे वय नवव्या शतकाचे निघाले; तरी भूकंप सिद्ध होत नाही, कारण काळ्या पाषाणातील कोणतीही सोडून दिलेली खाण पावसाने आणि भेगांतील झऱ्यांनी भरतेच. उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघडा पडणारा संध्यामठ पातळीतील चढउतारांची साक्ष देतो. परंतु तिच्यासाठीही भूकंपाची आवश्यकता नाही. शिवाय शहरालगतच्या या तलावाचा तळ शतकानुशतके अस्पर्शित राहिला असेल, असे गृहीत धरणे धाडसाचे आहे.

या पद्धतीची परीक्षा घेण्यास अधिक योग्य स्थळ कोयनेचा शिवाजीसागर होय. तेथे पाणी १९६२ च्या सुमारास अडले. अणुचाचण्यांतून पसरलेल्या सीझियम-१३७ चे प्रमाण १९६३ च्या सुमारास कळसास पोहोचले होते, त्यामुळे गाळात ती एक कालखूण मिळण्यासारखी आहे. तिच्या थोडे वर ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा, ६.३ प्रतीचा आणि सुमारे १८० बळी घेणारा धक्का यावयास हवा. त्यानंतरही ५ प्रतीहून मोठे अनेक धक्के तेथे बसले आहेत. यांपैकी कोणत्या धक्क्याची खूण उमटते, कोणत्याची नाही, आणि ती पुराच्या थराहून वेगळी ओळखता येते काय, हे तेथे ताडून पाहता येईल. हा जलाशयच त्या भूकंपांस कारण झाला, असे मानले जाते. साहजिकच त्याच्या गाळावरून तेथील भ्रंशाचा प्राचीन इतिहास मिळणार नाही. मिळेल ती वाचनाची कसोटी, आणि दख्खनच्या गाळांसाठी आज तिचीच वाण आहे. दरवर्षी पाणी उतरताच उघड्या पडणाऱ्या काठांवरील गाळ मात्र या कामी निरुपयोगी. नमुने खोल भागातूनच काढावे लागतील.

राहता राहिली रंकाळ्याची कथा. तिच्यातील भूकंप खरा असेल, तर त्याने खाणीआधी वस्ती हादरवली असणार. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडाचे उत्खनन सांकलिया व दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये केले. त्या काळच्या वस्तीचे थर जेथे शाबूत असतील, तेथे एकाच दिशेस कोसळलेल्या भिंतींचा शोध घेणे हे तलावाचा तळ उपसण्याहून अधिक फलदायी ठरण्याचा संभव आहे.