‘असे समजते’ : दहशतवादाच्या वार्तेचे व्याकरण

दहशतवादाच्या वार्तांकनात पक्षपात असतो, हा आरोप महाराष्ट्रात दोन्ही बाजूंनी होत आला आहे. वृत्तपत्रे मुस्लिम तरुणांना निकालाआधीच गुन्हेगार ठरवतात, असे एक बाजू म्हणते; ‘भगवा दहशतवाद’ हा शब्दप्रयोग रूढ करून एका समाजाची बदनामी झाली, असे दुसरी म्हणते. या वादात मोजली जाते ती बातम्यांची संख्या आणि अग्रलेखांची भूमिका. बातमीचे वाक्य मात्र तपासले जात नाही. वस्तुतः पक्षपात मतामध्ये असतो त्याहून अधिक वाक्यरचनेत असतो, आणि मत बदलले तरी वाक्यरचना बदलत नाही.

रॉजर फाउलर व त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘लँग्वेज अँड कंट्रोल’ हा ग्रंथ १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात टोनी ट्र्यू यांनी पोलिसी गोळीबाराच्या बातम्यांत कर्मणी रचनेद्वारे कर्ता कसा मागे सरतो आणि अखेर लुप्त होतो, हे दाखविले. ही पद्धती मराठीला जशीच्या तशी लावता येत नाही, कारण मराठी बातमीकडे कर्ता लपविण्याची अधिक सूक्ष्म साधने आहेत. ‘समजते’ हे त्यांपैकी पहिले. व्यवहारात या क्रियापदाला चतुर्थीतील जाणणारा लागतो : त्याला समजते, तिला समजते. ‘स्फोटके याच घरात ठेवल्याचे समजते’ या वाक्यात तो जाणणारा गळून पडतो. जे एका तपास अधिकाऱ्याचे म्हणणे असते, ते सर्वांना उमगलेले सत्य होऊन वाचकापुढे येते. ‘निष्पन्न झाले’, ‘उघडकीस आले’ ही त्याचीच भावंडे होत. आरोप सिद्ध होण्याचे काम न्यायालयाआधी क्रियापदच उरकून टाकते.

दुसरे साधन आदरार्थी बहुवचनाचे. ‘त्याने’ आणि ‘त्यांनी’ यांतील अंतर इंग्रजी विश्लेषणाच्या कक्षेत येतच नाही. मराठी बातमीत मात्र संशयिताचे एकवचन हीच पहिली शिक्षा असते.

मालेगावची दोन प्रकरणे शेजारी ठेवली की ही साधने कशी चालतात ते दिसते. ८ सप्टेंबर २००६ रोजी शब-ए-बरातच्या दिवशी मालेगावात स्फोट झाले. दहशतवादविरोधी पथकाने नऊ मुस्लिम पुरुषांना आरोपी केले. पुढे तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला, २०११ मध्ये त्यांना जामीन मिळाला आणि २५ एप्रिल २०१६ रोजी विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. तोवर एकाचा मृत्यू झालेला होता. २९ सप्टेंबर २००८ च्या स्फोटात सहा जण मारले गेले. त्या खटल्यातील आरोपींच्या बातम्यांत ‘साध्वी’ आणि ‘कर्नल’ ही बिरुदे टिकून राहिली. पण त्याच बातम्यांनी ‘भगवा’ हे विशेषण दहशतवादाला जोडले आणि व्यक्तींवरील आरोप एका रंगाचा, पर्यायाने एका समाजाचा गुणधर्म केला. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष ठरविले. त्याविरुद्ध मृतांचे नातेवाईक उच्च न्यायालयात गेले. म्हणजे दोन्ही आरोपांत तथ्य आहे, परंतु ते तथ्य सममित नाही. एका प्रकरणात माणसाचे नाव पुसून जात उरली; दुसऱ्यात नाव व प्रतिष्ठा राहूनही समूहाला डाग लागला.

यावर वार्ताहराची बाजू अशी की, घटनेच्या रात्री पोलिसांखेरीज दुसरा स्रोत नसतो. हे खरेच आहे. तसेच २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातील अजमल कसाबविषयी वापरलेली निश्चयात्मक भाषा पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली, हेही खरे. पण दोष नेमका येथेच आहे : डोळ्यांदेखत घडलेल्या कृत्यासाठी आणि कोठडीतील कबुलीजबाबासाठी बातमी एकच क्रियापद वापरते. सिद्ध आणि असिद्ध यांतील भेद भाषेनेच मिटवला, तर तो वाचकाने कोठून आणायचा?

या भाषेचे मूळ रहस्यकथेत शोधावे लागते. ‘धागेदोरे’, ‘सूत्रधार’, ‘मुसक्या आवळल्या’ ही शब्दकळा बाबूराव अर्नाळकरांच्या वाचकाला परकी नाही. रहस्यकथा अटकेपाशी संपते. खटला तिच्या कक्षेबाहेर असतो. बातमीनेही हाच शेवट स्वीकारल्यामुळे दोषमुक्ती ही तिच्या दृष्टीने कथेचा भाग उरत नाही, ती फारतर परिशिष्ट ठरते. म्हणून पहिल्या पानावरील अटक स्मरणात राहते आणि दहा वर्षांनंतरची सुटका राहत नाही.

याच व्याकरणाची दुसरी बाजू मालेगावपासून दूर, आंबेगाव तालुक्यातील डिंभ्याला दिसते. घोड नदीवर धरण झाले आणि आदिवासींची गावे ‘पाण्याखाली गेली’. ३० जुलै २०१४ रोजी त्याच तालुक्यातील माळीणवर ‘दरड कोसळली’. या वाक्यांत गावे स्वतःच चालत पाण्यात गेल्यासारखी वाटतात. निर्णय घेणारा कोणी नसतो. स्फोटाच्या बातमीत कर्ता पुराव्याआधी हजर होतो, विस्थापनाच्या बातमीत तो कागदोपत्री ठाऊक असूनही येत नाही. दोन्हीकडे लोक जीवाला किंवा घराला मुकतात. पण हिंसा म्हणून ओळखली जाते ती एकच. दहशतवादाच्या वार्तेची समीक्षा विस्थापनाच्या वार्तेला वगळून केली, तर ती अपुरी राहते, कारण कर्त्याची घाई आणि कर्त्याचा लोप ही एकाच सत्तासंबंधाची दोन रूपे आहेत.

बातमी ही संहिता आहे, हे विधान आता नवे नाही. ते गंभीरपणे घ्यायचे, तर कविता-कादंबरीला विचारले जाणारे प्रश्न तिलाही विचारावे लागतील : निवेदक कोण, त्याला हे कोणी सांगितले, कथन कोठे थांबवले आणि का. ‘असे समजते’ या दोन शब्दांसमोर ‘कोणाला?’ हा प्रश्न ठेवणे ही त्या समीक्षेची पहिली पायरी आहे. मालेगावच्या नऊ जणांबाबत तो प्रश्न २००६ मध्येच विचारता आला असता.