ज्ञानाचे स्वामित्वधन कोणाला?

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या डोंगरातून लोहखनिज काढले जाते. खाणपट्टा घेणाऱ्या कंपनीला या खनिजाच्या सरासरी विक्री किमतीच्या १५ टक्के स्वामित्वधन राज्य सरकारला द्यावे लागते. ही रक्कम पुरेशी आहे का, ती कोणासाठी खर्च होते, यावर वाद आहेत. पण कच्चा माल फुकट मिळत नाही, हे तत्त्व तरी सर्वांना मान्य आहे.

याच जिल्ह्यातून आणखी एक मौल्यवान माल बाहेर जातो, तो म्हणजे शास्त्रीय ज्ञान. त्याचा व्यवहार मात्र नेमका उलटा आहे.

उदाहरण घेऊ. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत उभी केली आणि ४७ गावांशी तिची तुलना केली. गावातल्याच बाया शिकून आरोग्यदूत झाल्या. त्यांनी बाळांची वजने केली, श्वास मोजले, नोंदी ठेवल्या. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, नवजात मृत्युदरातील घट सुमारे ६२ टक्के भरली. हा निबंध डिसेंबर १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला. पुढे २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्यांमार्फत असा कार्यक्रम राबवला जाऊ लागला.

लॅन्सेट हे १८२३ साली लंडनमध्ये सुरू झालेले साप्ताहिक. १९९१ पासून ते एल्सेव्हिअर या प्रकाशन कंपनीच्या मालकीचे आहे. अशा कंपनीचे काम कसे चालते?

संशोधन करतात शास्त्रज्ञ. त्यांचा पगार व खर्च येतो सरकारकडून किंवा देणगीदारांकडून. निबंध लिहिण्याचे मानधन त्यांना मिळत नाही. निबंध योग्य आहे की नाही हे तपासतात त्याच विषयातले दुसरे शास्त्रज्ञ, तेही बहुधा विनामोबदला. प्रसिद्धीचा हक्क लेखकाने कंपनीकडे सोपवायचा, अशी बहुतेक नियतकालिकांची जुनी रीत. मग तोच मजकूर विद्यापीठांची ग्रंथालये वर्गणी भरून विकत घेतात. म्हणजे समाज एकदा संशोधनासाठी पैसे मोजतो आणि दुसऱ्यांदा ते वाचण्यासाठी.

कंपनी काहीच करत नाही असे नाही. संपादकांचे पगार, तपासणीची व्यवस्था, मांडणी, अंक कायम जपून ठेवणे, या कामांना खर्च येतोच. प्रश्न आहे तो प्रमाणाचा. एल्सेव्हिअर ज्या रेलएक्स समूहात आहे, त्याने २०२३ साली विज्ञान व वैद्यक विभागाचा नफा उत्पन्नाच्या सुमारे ३८ टक्के दाखवला.

इतका नफा कसा टिकतो? एक साबण महाग झाला तर आपण दुसरा घेतो. पण गडचिरोलीच्या त्या निबंधाऐवजी दुसरा निबंध वाचून भागत नाही. प्रत्येक निबंध एकमेव असतो. शिवाय कोणत्या नियतकालिकात छापून आले यावर शास्त्रज्ञाची नोकरी व बढती अवलंबून असते. म्हणून लेखकही तेथेच जातो आणि वाचकालाही तेथेच जावे लागते.

वाचकाला फुकट आणि लेखकाकडून शुल्क, असा दुसरा मार्ग आता निघाला आहे. ‘नेचर’ने २०२१ पासून या मार्गासाठी एका निबंधाला ९,५०० यूरो शुल्क ठेवले. यात दाराचे कुलूप निघाले नाही, ते वाचकाच्या दारावरून लेखकाच्या दारावर गेले.

आपल्या केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि सुमारे ६,३०० संस्था. वर्गात भागाकार करून पाहा: दर संस्थेमागे वर्षाला सुमारे ३२ लाख रुपये पडतात. लहान गावातल्या सरकारी महाविद्यालयाला एवढी वर्गणी स्वतःच्या बळावर कधीच भरता आली नसती. तेथील विद्यार्थ्याला आता दिल्लीच्या विद्यार्थ्याइतकेच वाचायला मिळू शकते, हा योजनेचा मोठा गुण आहे.

पण ही योजना सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. सूरजागड परिसरातल्या जिल्हा परिषद शाळेचा शिक्षक, गावातली आशा, ज्या स्वयंसेवी संस्था असे संशोधन करतात त्या, हे सारे तिच्या बाहेरच राहतात. शिवाय आपण वाचनाची परवानगी भाड्याने घेतली आहे. मुदत संपली की घासाघीस पुन्हा सुरू.

वेगळी वाट आपल्याच देशात आहे. १९३२ पासून निघणारे ‘करंट सायन्स’ आणि भारतीय विज्ञान अकादमीने १९९६ साली सुरू केलेले ‘रेझोनन्स’ इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. ‘रेझोनन्स’ तर विद्यार्थी-शिक्षकांसाठीच आहे. ६,००० कोटींतला थोडा भाग अशा नियतकालिकांना आणि त्यांतील लेखांच्या मराठी सारांशांना मिळाला, तर ते ज्ञान कायमचे आपले होईल.

तोवर एक गोष्ट आपल्याला करता येईल. मुलांना कोणत्याही शोधाची बातमी सांगताना तीन प्रश्न विचारायला लावा: हे काम कोणी केले, पैसे कोणी दिले, आणि ते वाचण्याचा हक्क कोणाकडे आहे? गडचिरोलीच्या आयाबायांनी आपली बाळे तपासू दिली म्हणून तो निबंध लिहिला गेला. त्यांच्या नातवंडांना तो त्यांच्या शाळेत, त्यांच्या भाषेत वाचायला मिळणे, एवढे स्वामित्वधन तरी त्यांना मिळायला हवे.